पांदण रस्ता व सायकलीची वाट

अमरावतीच्या राजापेठेतून निघालेला सायकलस्वार काही किलोमीटरांतच शहराबाहेर पडतो. वडाळी व छत्री तलाव मागे पडले की पोहरा-मालखेडच्या टेकड्या लागतात. डांबरी सडक सोडून आत वळल्यावर मुरमाड चढउतार, कोरडे नाले, साग-पळसाचे रान आणि मधूनमधून तुरी-कपाशीची शेते अशी वाट भेटते. जाड टायरांच्या सायकलीवरून अशा खडी-मातीच्या रस्त्यांनी दूरवर फिरण्याचा छंद गेल्या वीस वर्षांत जगभर वाढला आहे. या खेळाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ साली इटलीत झाली. शहरातील तरुण मंडळी आता वऱ्हाडच्या टेकड्यांतही या वाटा शोधू लागली तर त्यात नवल नाही. मात्र ज्या वाटांनी ही सायकल जाणार, त्या शेतकऱ्याच्या वहिवाटीच्या वाटा आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार शेतकऱ्याच्या बाजूने होणे अगत्याचे आहे.

परदेशातील दोन उदाहरणे येथे बोधप्रद ठरतील. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. जमीन उथळ व गारगोटीची असल्याने तेथे नांगर फारसा चालला नाही. गवत राहिले आणि गुरचराईचा धंदा टिकला. त्या प्रदेशातील एम्पोरिया या लहान शहरी २००६ साली गुरांच्या कुरणांमधील खडीच्या रस्त्यांवर २०० मैलांची सायकल शर्यत सुरू झाली. आज ती या खेळातील सर्वांत नामांकित शर्यतींपैकी एक गणली जाते. दुसरे उदाहरण इटलीतील तोस्काना प्रांताचे. द्राक्षमळे व ऑलिव्हच्या बागा यांमधून जाणारे तेथील पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली नाहीसे होऊ लागले, तेव्हा ते वाचावेत या हेतूने १९९७ साली गायोले गावी ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू करण्यात आली. दोन्ही ठिकाणी रस्ता आधी शेतीच्या उपयोगाचा होता, आणि सायकल त्यावर मागाहून आली. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

वऱ्हाडात हा क्रम उलटा होण्याचा धोका आहे. येथील पांदणींची स्थिती शेतकरी बंधूंना सांगावयास नको. दरवर्षी वखराचे एकेक तास पुढे सरकते, धुरा पांदणीत येतो, आणि जेथून दोन बंड्या बाजूबाजूने जात तेथून एकही धड जात नाही. उरलेल्या जागेत बाभळी वाढतात. त्यात जमीन काळी. ही माती पाणी शोषून फुगते व वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात जी वाट दगडासारखी कठीण असते, तीच मृगानंतर चाकाला चिकटून बैलांना जागचे हलू देत नाही. खताचे पोते मग डोक्यावरून न्यावे लागते. सोयाबीन कापून पडले असता परतीचा पाऊस आला, तर मळणीयंत्र शेतापर्यंत पोहोचत नाही. संत्र्याच्या बागेपर्यंत मालमोटार न आल्यास व्यापारी भाव पाडून मागतो. वाट नसल्यामुळे होणारे हे नुकसान कोणत्याही पीक-पाहणीत स्वतंत्रपणे मांडले जात नाही, पण ते शेतकऱ्याच्या पदरी दरवर्षी पडते.

अशा पांदणीचा नकाशा काढून, चार फलक लावून तिला सायकलमार्ग म्हणून जाहीर करणे सोपे आहे. हिवाळ्यात वाट कोरडी असते, पाहुणे येतात, छायाचित्रे काढतात व परततात. पावसाळ्यात चिखल तुडवणारा शेतकरी मात्र होता तेथेच राहतो. म्हणून एक कसोटी ठरविणे इष्ट होय. ज्या पांदणीतून आषाढ-श्रावणात भरलेली बंडी गावात येऊ शकत नाही, ती पांदण सायकलमार्ग म्हणून जाहीर होऊ नये. ही कसोटी लावली म्हणजे पर्यटनासाठी येणारा प्रत्येक पैसा आधी शेतीच्या उपयोगी पडेल.

पांदण सुधारण्यास मोठे तंत्र लागत नाही. प्रथम गावनकाशा पाहावा. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने व पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखविलेला असतो. त्यावरून मूळ वाट निश्चित करून अतिक्रमण सामोपचाराने काढावे. ते न जमल्यास कायद्याचा आधार आहे. वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते; मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ती मागावी लागते. ज्याच्या शेतास रस्ताच नाही, त्याला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मिळण्यासाठी अर्ज करता येतो. पांदणींच्या कामांसाठी राज्य शासनाने २०२१ साली रोजगार हमीच्या कामांशी सांगड घालून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनाही आखली.

वाट मोकळी झाल्यावर वरची सैल काळी माती काढावी, मुरूम थराथराने पसरावा, पाणी मारून प्रत्येक थराची दबाई करावी. रस्ता मधोमध उंच ठेवून दोन्ही कडांकडे २५ फुटांस १ फूट उतार द्यावा. म्हणजे ३ मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडांपेक्षा सुमारे ६ सेंटिमीटर उंच राहील. दोन्ही बाजूंस नाल्या खोदाव्यात आणि जेथे ओघळ आडवा येतो तेथे नळ टाकावा किंवा दगडी रपटा बांधावा. पाणी रस्त्यावर थांबले की उत्तम मुरूमही एका पावसाळ्यात वाया जातो. शेततळे खोदताना निघणारा मुरूम या कामी उपयोगी पडू शकतो. मात्र गौण खनिजाची परवानगी आधी घ्यावी.

पांदणीही सिमेंटच्याच व्हाव्यात, असे पुष्कळांचे मत आहे. गावाला गावाशी जोडणारा मुख्य रस्ता पक्का असावा, याविषयी दुमत नाही. परंतु शेताशेतांतून जाणाऱ्या प्रत्येक वाटेस सिमेंट पुरविणे खर्चाचे आहे, आणि काळ्या मातीच्या फुगण्याने तेही तडकते. मुरमाचा रस्ता बैलाच्या खुरास मानवतो, गावच्या हातांनी दुरुस्त होतो, आणि खडीच्या वाटेवर फिरणारा सायकलस्वारही नेमका त्याच रस्त्याच्या शोधात असतो. शेतकऱ्याची गरज व पाहुण्याची आवड यांचा असा मेळ क्वचितच बसतो. शिवाय गावातील सायकल ही केवळ पाहुण्यांची नव्हे. मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या आहेत. चांगली वाट झाली तर शेतातील वस्तीवरून शाळेत जाणाऱ्या मुलीलाही तिचा तितकाच उपयोग होईल.

पाहुण्यांनीही काही मर्यादा पाळल्या पाहिजेत. पावसात व त्यानंतर जमीन वाळेपर्यंत मातीच्या वाटेवर सायकल नेऊ नये, कारण ओल्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या वाळून कडक होतात व पुढे बैलांचे पाय मुरगळतात. समोरून बंडी आली तर उतरून उभे राहावे. उभ्या पिकातून वाट काढू नये, झाडाचे संत्रे विचारल्याशिवाय तोडू नये. पोहरा-मालखेडच्या रानात बिबट्याचा वावर आहे. तेव्हा वन विभागाच्या परवानगीशिवाय राखीव जंगलात शिरू नये व दिवस मावळण्यापूर्वी परतावे. चिखलदरा व मेळघाटकडे जाणाऱ्यांनी हे अधिकच लक्षात ठेवावे. १९७४ साली स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मनास येईल त्या वाटेने फिरता येत नाही.

गावाच्या पदरी यातून काय पडेल, याचाही हिशेब स्पष्ट असावा. ज्वारीची भाकर, पिठले व ठेचा यांची न्याहारी, पिण्याचे पाणी, सायकल दुरुस्ती, रात्रीचा मुक्काम, हंगामात बागेतील संत्र्यांची थेट विक्री, अशी लहान लहान कामे महिला बचत गटांना व तरुणांना मिळू शकतात. त्यातून शेतीस पर्याय उभा राहील अशी आशा मात्र कोणी दाखवू नये. तो केवळ जोड-उत्पन्नाचा मार्ग आहे. त्यातील ठरावीक वाटा पांदणीच्या वार्षिक डागडुजीसाठी बाजूस काढण्याचा ठराव ग्रामसभेने करावा. तसे न केल्यास रस्ता झिजवणारे अनेक आणि दुरुस्त करणारा कोणीच नाही, अशी गत होईल.

गाडगे महाराज व तुकडोजी महाराज यांनी ज्या जिल्ह्यात श्रमाची प्रतिष्ठा शिकविली, त्या जिल्ह्यास पांदण मोकळी करणे अवघड नाही. रब्बीची मळणी आटोपल्यावर व मृग लागण्यापूर्वी हातात जे दिवस असतात, ते या कामास योग्य होत. राजापेठेच्या परिसरातील गावांनी प्रथम एकेकच पांदण निवडावी, तिची मोजणी करून घ्यावी, मुरूम व नाल्या यांचे काम पुरे करावे आणि एक पावसाळा तीवरून बंड्या चालवून पाहाव्यात. ती टिकली तर येत्या हिवाळ्यात सायकलस्वारांना खुशाल बोलवावे.