मेंदूतल्या प्रत्येक ‘सिस्ट’ला गाठ म्हणू नका

संपादक महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझा सहा वर्षांचा नातू जिन्यावरून पडला. डोक्याला खोक पडली म्हणून सीटी स्कॅन केला. मेंदूला मार नव्हता, पण डाव्या कानशिलाच्या आत ‘अरॅक्नॉइड सिस्ट’ दिसली. अहवालाचे पाकीट देताना खिडकीवरचा माणूस म्हणाला, “डोक्यात गाठ आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवा.” त्या एका शब्दाने घर हादरले. मुलगा दागिने मोडायची भाषा बोलू लागला. शेजारच्या काकूंनी सुनेला विचारले, “पोटुशी असताना ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?” ती चार दिवस धड जेवली नाही.

पाचव्या दिवशी मेंदूच्या सर्जननी त्याच पाकिटाच्या मागे पेनाने चित्र काढून दाखवले. मेंदूवर तीन आवरणे असतात. मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे. गर्भात मेंदू घडताना ते कधी कधी दुभंगते आणि दोन पदरांत मेंदूभोवतीचेच नितळ पाणी साठते. ही पाण्याची पिशवी जन्मतःच असते. ती कर्करोग नव्हे, ती पसरत नाही आणि आईचे काही चुकले म्हणून होत नाही. शंभर प्रौढांच्या मेंदूचे एमआरआय काढले तर साधारण एकात ती सापडते. बहुतेकांना आयुष्यभर तिचा त्रास होत नाही. नातवाला ना शस्त्रक्रिया, ना औषध. वर्षाने पुन्हा एमआरआय, एवढेच. हे सांगायला डॉक्टरांना पाच मिनिटे लागली.

ती पाच मिनिटे आम्हाला पहिल्याच दिवशी का मिळू नयेत?

आपल्याकडे ‘गाठ’ म्हटले की कर्करोगच डोळ्यांपुढे येतो. त्यातून सगळ्या सिस्टही एकसारख्या नसतात. फीतकृमीच्या अळीमुळे मेंदूत होणारी सिस्ट हा संसर्ग असतो, त्यावर बहुधा औषधे द्यावी लागतात. कोलॉइड सिस्ट लहान असली तरी मेंदूतल्या पाण्याची वाट अचानक अडवू शकते. या सगळ्यांना एकच शब्द वापरला, तर घाबरायचे कधी आणि धीर धरायचा कधी, हे घरच्यांनी कसे ओळखावे?

‘असा धीर दिला तर लोक दुर्लक्ष करतील,’ असे काहींना वाटते. पण नेमके सांगणे म्हणजे खोटा धीर देणे नव्हे. तान्ह्या बाळाचे डोके झपाट्याने वाढणे, टाळू फुगणे, वारंवार उलट्या, आकडी, अंधुक नजर, वाढत जाणारी डोकेदुखी, यांपैकी काही दिसले तर एक दिवसही थांबू नये. अशा वेळी दुर्बिणीने पिशवीला वाट करून देतात किंवा नळी बसवतात. डोक्याला मार लागला तर क्वचित तिथे रक्तस्राव होतो, तेव्हाही लगेच तपासून घ्यावे. ‘गाठ’ ऐकून हबकलेल्या आईबापांच्या मनात यातले काहीही शिरत नाही.

म्हणून स्कॅन केंद्रांना आणि रुग्णालयांना माझी विनंती आहे की, अशा अहवालासोबत अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी द्या: हे काय आहे, काय नाही आणि कोणत्या लक्षणांना घाई करायची. आपल्या आरोग्य पुरवणीनेही ‘जन्मजात पाण्याची पिशवी’ असेच लिहावे. आणि शेजारीपाजाऱ्यांनो, अशा आईला ग्रहणाचे विचारू नका. तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा.

— एक आजी, सांगली