ट्रंकवाल्याचा नातू

मुलाच्या घरी पाहुणा म्हणून जावे, दोन महिने राहावे, तो खाऊ घालील ते गोड मानून घ्यावे. पण त्याच्या गॅरेजमध्ये मात्र डोकावू नये. हा धडा मी गेल्या वर्षी अमेरिकेत, डेन्व्हर मुक्कामी, गिरवून आलो.

आमचे चिरंजीव तेथे संगणकाच्या नोकरीत आहेत. पाहतो तो मोटार बाहेर उन्हात उभी आणि गॅरेजमध्ये तिच्या जागी लोखंडी नळ्यांचा एक चौकोनी सांगाडा! आमच्या मंडळींनी तो निरखून पाहिला आणि हळूच विचारले, "का रे, एवढा पगार असून खाट घरी बांधतोस?"

"खाट नाही आई, ट्रेलर. मोटारीमागं जोडायचा. आत दोघांनी झोपायचं. मागचं दार उघडलं की स्वयंपाकघर."

"म्हणजे घर असताना पुन्हा घर!"

या प्रश्नाला उत्तर नसते हे तो परदेशी जाऊनही विसरला नव्हता. तो मुकाट्याने माझ्याकडे वळला.

लष्करी जीपमागे धावणारी दोन चाकांची छोटी गाडी तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. ती या ट्रेलरची आजी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ती पाव टन मालासाठी बनवली. तिची पत्र्याची पेटी इतकी घट्ट की पाण्यात घातली तर तरंगे. युद्ध संपल्यावर हौशी माणसे घरच्या घरी झोपायच्या गाड्या बांधू लागली. १९४७ मध्ये 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकाने थेंबाच्या आकाराच्या अशा एका गाडीचे नकाशेच छापले होते.

चिरंजीवांना मात्र डांबरी रस्ता सोडून शेजारच्या युटा राज्यातल्या वाळवंटात शिरायचे होते. म्हणून चाके मोटारीच्याच मापाची. जादा चाक दोघांना एकच पुरते आणि ट्रेलर मोटारीच्या चाकोरीतून चालतो. जोड सर्व बाजूंना फिरणारा. नाहीतर मोटार खड्ड्यात आणि ट्रेलर दगडावर अशा वेळी तो पिळवटायचा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर हवा. सगळे सामान मागे भरले तर वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो. सांगाड्याच्या चौकटींत फोमच्या लाद्या आणि बाहेरून एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. चार फूट बाय आठ फुटांचा हा पत्रा भरतो आठ किलो. पोलादाचा तेवढाच पत्रा तेवीस किलो भरला असता.

एका शनिवारी सकाळच्या गारव्यात चिरंजीवांनी पहिला पत्रा चारी बाजूंनी स्क्रूंनी पक्का आवळला आणि ट्रेलर अंगणात ढकलला. आरशासारखी भिंत! दुपारी ऊन चढले आणि 'ठण्ण' असा आवाज झाला. भिंत पुरीसारखी फुगली होती. संध्याकाळी पुन्हा 'ठण्ण' आणि भिंत आत.

"यात रात्री झोपणार कोण?" मंडळींनी विचारले.

चिरंजीवांनी पत्रा उतरवला, पुन्हा आवळला. रविवारी तोच प्रकार. पोराचा चेहरा उतरला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, सपाट पत्रा असा लावतात होय? आधी त्याला तिरपी घडी दे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

वाचकहो, त्या प्रश्नाला मी पन्नास वर्षे चुकवत आलो होतो. माझे वडील पुण्याच्या रविवार पेठेत एका बोळात पत्र्याच्या ट्रंका बनवीत. शाळा सुटली की मी पत्रा धरून बसे. हाताला चरे पडत. वर्गातली मुले मला 'ए ट्रंक' म्हणून हाक मारीत. शाळेच्या अर्जावर वडिलांच्या धंद्यापुढे मी 'व्यापार' असे लिहीत असे. पुढे बँकेत लागलो, वडील गेले, दुकान गेले आणि मी माझ्या मुलालाही एवढेच सांगितले की आजोबांचा 'व्यापार' होता.

त्या दुपारी पालथ्या डब्यावर बसून मी त्याला खरे ते सांगितले. त्याने रागावायला हवे होते. तो एवढेच म्हणाला, "आणि मी दोन पत्रे फुकट घालवले!"

मग आम्ही कामाला लागलो. पत्रा उन्हात वाढतो. सकाळच्या थंडीपासून दुपारच्या तापल्या पत्र्यापर्यंत ४० अंशांचा फरक पडला, तर आठ फुटांत सुमारे दोन मिलिमीटर. चहूकडून आवळलेला पत्रा जाणार कोठे? तो फुगतो. हा हिशेब चिरंजीवांचा. वडिलांना आकडा ठाऊक नव्हता, उपाय ठाऊक होता. ते पत्र्याला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अगदी पुसट घडी देत. डोळ्यांना दिसत नसे, तळव्याला लागत असे. तेवढ्याने पत्रा ताठ होई आणि एकाच बाजूला किंचित उभारलेला राही. मग आतबाहेर उडी मारायचे त्याला कारण उरत नसे. आम्ही मोठ्या पत्र्याचे तीन भाग केले, प्रत्येकाला घडी दिली आणि स्क्रूंची भोके थोडी सैल ठेवली. पुढच्या पेटीच्या झाकणाला तार भरून कड वळवली. त्यासाठी तारेच्या जाडीच्या अडीचपट पत्रा जादा सोडायचा. चार मिलिमीटरची तार, तर दहा मिलिमीटर. हे माझ्या बोटांनी मला विचारल्यावाचून सांगितले.

मीही एक गोष्ट शिकलो. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना भिडून राहिले की ॲल्युमिनियम झिजते. म्हणून दोहोंमध्ये पट्टी घालावी लागते.

ट्रेलर रस्त्यावर आणायचा तर सरकारी क्रमांक हवा. अर्ज भरताना मी शेजारी बसलो होतो. बनावटीच्या रकान्यात चिरंजीवांनी क्षणभरही न थांबता लिहिले, 'घरी बांधलेला'. मला माझा शाळेचा अर्ज आठवला. मी उठून पाणी प्यायला गेलो.

पुढच्या महिन्यात मोॲब गावाजवळच्या कच्च्या रस्त्याने आम्ही गेलो. रस्ता कपडे धुण्याच्या फळीसारखा. माझे दात वाजत होते, ट्रेलर वाजत नव्हता. ट्रेलर आम्हां दोघांना देऊन चिरंजीव तंबूत झोपले. वाळवंटात रात्री थंडी एकदम पडते. मी कान देऊन जागा राहिलो. एकही 'ठण्ण' नाही. मंडळी मात्र झोपेत घोरत होत्या, घर असताना पुन्हा बांधलेल्या घरात.

पुण्याला परतल्यावर मी माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढली. गाद्यांच्या खोळी ठेवायची ती, वडिलांच्या हातची. झाकणावर तळवा फिरवला. घडी तेथेच होती.

"अहो, ही भंगारात द्यायची म्हणत होता ना?" आतून आवाज आला.

"नाही," मी म्हणालो. "कड जरा सुटली आहे. हातोडी कुठं आहे?"