डिग्री भिंतीवर, सिस्टर कंत्राटावर

वस्तीतल्या पोरीनं नर्सिंग केलं की आपण काय करतो? चौकात बॅनर, शाल, नारळ. भाषण ठोकतो, "शिकली, पुढं गेली!" कुठं गेली? कुणी विचारलं?

पारोळ्याची पोरगी घ्या. चार वर्षं बी.एस्सी., वर दोन वर्षं एम.एस्सी. बापानं कर्ज काढलेलं. माय गल्लीभर सांगते, "मनी पोर साहेब व्हयनी!" आणि साहेब एस.टी. धरून धुळ्याला नाहीतर जळगावला नाइट ड्यूटीला. खाजगी दवाखान्यात डिग्रीला ना वेगळं पद, ना वेगळा पगार. पेशंट बिघडतोय हे तिला आधी कळतं. बोलली की, "सिस्टर, तुम्हाला विचारलंय का?"

वरून उपदेश : मेरिट दाखव, करिअर घडेल. थापा! करिअर वॉर्डात घडतं, नाहीतर वॉर्डातच मरतं. २००२ साली लिंडा एकेन आणि तिच्या सोबत्यांनी अमेरिकेतली १६८ हॉस्पिटलं तपासली. नर्सच्या अंगावर एक पेशंट वाढला की ऑपरेशननंतर पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, नर्स पिचून जाण्याची २३ टक्क्यांनी. म्हणजे पोरगी कमी पडत नाही, तिला पाडलं जातं.

आपल्याकडं इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे : साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागं एक नर्स. जा, मोजा! २०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेली समिती म्हणाली, छोट्या खाजगी दवाखान्यातही २० हजारांखाली पगार नको. अंमल सोडला राज्यांवर. तुमच्या ओळखीच्या सिस्टरला पगार विचारा. त्याच साली केंद्रानं 'स्टाफ नर्स'चं 'नर्सिंग ऑफिसर' केलं. नाव बदलून जिणं बदलत नाही, हे 'हरिजन' म्हणवले गेलेल्यांना कुणी शिकवू नये.

डॉक्टर म्हणजे डोकं, नर्स म्हणजे हात. ओळखीचा वाटतो ना हिशेब? चातुर्वर्ण्यच तो, पांढऱ्या कपड्यातला. बेडपॅन उचलण्याची आम्हाला लाज नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं पोर पाठीवर आणलं आणि त्याच प्लेगानं त्या गेल्या. लाज त्यांना वाटावी, ज्यांना घाण उपसणारा हात हवा, पण स्वस्तात हवा आणि मुका हवा.

मे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातल्या सरकारी नर्सेस संपावर उतरल्या. तेव्हा आपण कुठं होतो? 'शिका' एवढंच आपण पाठ केलं. 'संघटित व्हा, संघर्ष करा' हे सत्काराच्या शालीत गुंडाळून ठेवलं.

आता शाल पुरे. डिग्रीला पद आणि पगार. पाचामागं एक नर्स. कंत्राट बंद. रात्रीच्या ड्यूटीला सुरक्षित खोली. वॉर्डाच्या निर्णयात तिचा शब्द. एवढी यादी घ्या, सिस्टरला पुढं करा आणि दवाखान्याच्या दारात तिच्या मागं उभे राहा!