‘डॉक्टर, याचा नंबर लागेल का?’

दिवाळीची सुटी संपली की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक तऱ्हेच्या पेशंटची गर्दी वाढू लागते. वय सतरा-अठरा, डोळ्यांखाली काळी वर्तुळे, तक्रार डोकेदुखीची, पित्ताची, नाहीतर नुसत्या ‘अशक्तपणा’ची. सोबत आई किंवा वडील, बहुधा दोघेही. मी नाडी पाहतो, रक्तदाब घेतो, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहतो. चिठ्ठी लिहून होते. पोरगा चपला घालायला बाहेर जातो आणि वडील मागे रेंगाळतात. आवाज खाली आणून विचारतात, ‘डॉक्टर, तुम्ही या लाइनीतले. खरं सांगा, याचा नंबर लागेल का?’

नंबर म्हणजे सरकारी कॉलेजात एमबीबीएसला. घरात दोन वर्षे दुसरा विषय नसतो.

माझा रिवाज असा की मी त्या पोराला परत आत बोलावतो आणि मगच बोलतो. आजाराचे काय होणार हे पेशंटला बाहेर बसवून नातेवाइकांच्या कानात सांगण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. तिचा उपयोग झालेला मी फारसा पाहिला नाही. पेशंटला सगळे कळलेले असते, तो फक्त एकटा पडतो. या मुलांचेही तसेच आहे. आपले मार्क किती येतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आईबाप ‘तू होशीलच’ म्हणतात, क्लासवाले ‘थोडी मेहनत वाढव’ म्हणतात, आणि पोर रात्री दोन वाजता छताकडे बघत आपला हिशेब एकटेच करते. माझ्याकडे येणारी निम्मी डोकेदुखी या न बोललेल्या हिशेबाची असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा वाचकहो, आज हा हिशेब उघड्यावर मांडू.

२०२५ ची नीट परीक्षा ४ मे रोजी झाली. परीक्षेला प्रत्यक्ष बसले २२ लाख ९ हजारांहून अधिक विद्यार्थी. देशात एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खासगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण अठरा जणांमागे एक जागा. त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी, ज्यांची फी आपल्यासारख्या घरांना पेलते. म्हणजे पस्तीस-छत्तीस जणांमागे एक. हा आकडा ऐकून आया पदर तोंडाला लावतात. पण हा सगळ्या देशाचा आकडा आहे, तुमच्या मुलाचा नव्हे. बावीस लाखांत नुसते बसून बघणारेही असतात आणि तीन वर्षे दुसरे काही न केलेलेही असतात. एखाद्या आजारात शंभरातले दहा दगावतात म्हणून समोरचा पेशंट दहा टक्के दगावत नाही. त्याचे वय, रक्त, एक्सरे पाहूनच काय ते सांगावे लागते. मुलाचेही तसेच.

दुसरा घोटाळा ‘नीट पास’ या शब्दाचा. निकाल लागला की आपल्या चौकात अभिनंदनाचे फलक लागतात. २०२५ मध्ये पात्र ठरलेल्यांची संख्या १२ लाख ३६ हजारांवर होती. खुल्या गटाला पात्रतेसाठी ७२० पैकी १४४ गुण पुरले. पात्रता म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी, गाडीत जागा मिळाल्याची पावती नव्हे. एका घरी पेढे वाटून झाले आणि ऑगस्टमध्ये पहिली यादी लागली तेव्हा सगळे घर आजारी पडले. आजी तर खरोखरच रक्तदाब वाढून माझ्याकडे आली.

तिसरी गोष्ट गुणांची. शेजारच्या मुलाला अमक्या वर्षी इतक्या गुणांना जागा मिळाली, हे वाक्य मी रोज ऐकतो. ते निरुपयोगी आहे. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ चा पेपर, विशेषतः फिजिक्सचा, असा कठीण निघाला की देशात पहिला आलेल्याला ६८६ गुण होते. दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवून काय कळणार? म्हणून गुण न पाहता क्रमांक पाहावा. राज्याचा सीईटी सेल प्रवेशाच्या प्रत्येक फेरीच्या याद्या प्रसिद्ध करतो. त्यातली शेवटच्या फेरीची यादी काढावी, आपला प्रवर्ग पाहावा आणि शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकावर झाला ते पाहावे. सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या यादीतून आणि १५ टक्के देशाच्या यादीतून भरतात, हेही ध्यानात असू द्या. आणि मराठवाडा, विदर्भ, उर्वरित महाराष्ट्र असा जो ७०-३० चा विभागवार कोटा होता तो २०२० मध्ये रद्द झाला. त्याआधीची एखादी यादी कोणी जपून ठेवली असेल तर ती आता रद्दीत घालावी.

आता मुलाची स्वतःची शक्यता. मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात एक मुलगी आली होती. वडील शाळेत शिक्षक. दुसऱ्यांदा नीट देणार होती. तक्रार पोटात जळजळ आणि हातांना कंप. वडील म्हणाले, ‘सराव परीक्षेत पाचशे वीस आहेत तिला, थोडक्यात राहिलंय.’ मुलगी खाली मान घालून म्हणाली, ‘काका, तीनशे नव्वद आहेत.’ दोघेही खरे बोलत होते. मी कागद पुढे केला आणि शेवटच्या सहा परीक्षांचे गुण लिही म्हटले. ३९०, ४२५, ४४०, ४३१, ५२०, ४५२. पाचशे वीसचा पेपर तिने घरी, मध्ये जेवून, दोन बैठकांत सोडवला होता. तो खोडला. उरलेल्या पाचांची सरासरी आली ४२८. वडिलांनी उत्तम दिवस धरला होता, मुलीने वाईट दिवस. रक्तातली साखर एकदा तपासून मी कोणाला मधुमेही ठरवत नाही, मग एका पेपरवरून डॉक्टर कसा ठरवू?

त्या ४२८ मध्ये बायोलॉजीचे ३६० पैकी २६५ होते, केमिस्ट्रीचे १८० पैकी ९८ आणि फिजिक्सचे ६५. म्हणजे वाढायला जागा होती, पण ती होती नेमकी फिजिक्समध्ये, जिथे ती दीड वर्ष शिकवणी लावूनही साठ-सत्तरच्या वर सरकली नव्हती. मी तिला एक काम सांगितले. क्लासमध्ये जाऊन विचार, गेल्या वर्षी डिसेंबरात ज्यांची सरासरी तुझ्याएवढी होती त्या सगळ्यांचे पुढे काय झाले? सगळ्यांचे, फलकावर फोटो लागलेल्यांचे नाही. हा प्रश्न प्रत्येक पालकाने फी भरण्यापूर्वी विचारावा. पाच फोटो दाखवले तर प्रवेश किती जणांनी घेतला होता ते विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

तिला उत्तर मिळाले. तशी चौदा मुले होती, सरकारी एमबीबीएसला एक गेला होता. घरी दोन दिवस रडारड झाली असे तिच्या आईने नंतर सांगितले. मग मुलीनेच ठरवले की नीट तर द्यायचीच, पण सोबत एमएचटी-सीईटीचा अर्जही भरायचा. तिसरे वर्ष घालवायचे नाही हेही ठरले. आज ती बी. फार्मसीला आहे. गुरुजींचा माझ्यावर थोडा राग आहे, ते समोरून आले की नमस्कार करतात पण थांबत नाहीत. त्याला माझा इलाज नाही. मुलीच्या पोटातली जळजळ मात्र जानेवारीतच थांबली होती, गोळ्या न वाढवता.

शक्यता कमी असेल तर परीक्षाच देऊ नये, असे मी म्हणत नाही. चौदांतला एक गेलाच होता ना! पण त्या एकासाठी झगडायचे तर बाकीच्या तेरांचे काय, याची तजवीज आधी करून. बीएएमएस, बीएचएमएस, दंतवैद्यक, पशुवैद्यक हे नीटमधूनच होतात. नर्सिंग, फार्मसी, शेतकी यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या आणि त्यांचे अर्ज भरण्याच्या तारखाही वेगळ्या. नीटचा निकाल हातात पडेपर्यंत त्या तारखा निघून गेलेल्या असतात. दरवर्षी माझ्या ओळखीतली दोन-तीन मुले अशी अडकतात. ‘दुसरा अर्ज भरला तर मन विचलित होईल’ असे सांगणारे क्लासवाले मला भेटले आहेत. अर्ज भरायला अर्धा तास लागतो. अर्ध्या तासात विचलित होणारे मन परीक्षेच्या तीन तासांत काय टिकणार? आणि ‘मी सीट मिळवून देतो’ म्हणणारा एजंट दारात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. नीटशिवाय देशात कुठल्याही मार्गाने एमबीबीएसला प्रवेश नाही. परदेशातून पदवी आणली तरी इथे येऊन आणखी एक परीक्षा पास व्हावी लागते.

परत परीक्षेला बसण्याला नियमाने मर्यादा नाही, वयाचीही वरची अट आता नाही. म्हणूनच मर्यादा घरात ठरवायला हवी, आणि ती निकालानंतर रडत ठरवण्यापेक्षा आधी ठरलेली बरी. माझ्यापुरते मत सांगतो. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलेल्याने एक वर्ष जरूर द्यावे. दुसऱ्या वेळी गुण फारसे हलले नाहीत तर तिसरे वर्ष देऊ नये. आमच्या वेळी बारावीच्या गुणांवरच प्रवेश होत. माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा दोन-तीन गुणांनी राहिला आणि शेतकी कॉलेजात गेला. माझ्या आधी निवृत्त होऊन तो आता डाळिंबे लावतो आणि मला फुकट पाठवतो.

आता थोडे शरीराविषयी, कारण हे सदर त्याचे आहे.

या वयाला आठ तास झोप लागते. चार तास झोपून वाचलेले डोक्यात राहत नाही, कारण दिवसभराचे वाचन मेंदूत पक्के बसते ते झोपेतच. रात्री अकराच्या पुढे चहा, कॉफी आणि डब्यातली ती गोड पेये बंद. २०२५ ची परीक्षा दुपारी २ ते ५ होती. बरीच मुले रात्रभर जागून नेमकी त्याच वेळी झोपतात, आणि शरीराला तशी सवय लागते. सराव परीक्षा दुपारी दोनला, घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवा. मे महिन्याचे ऊन आणि केंद्राबाहेरची रांग लक्षात घेऊन त्या दिवशी जेवण हलके आणि लवकर असावे.

मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले होते. ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ याचे कारण कधीकधी एवढेच असते, आणि लोहाच्या गोळ्या स्वस्त आहेत. परीक्षेच्या दिवशी पाळी येईल म्हणून ती पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. छातीतली धडधड थांबवणारी एक गोळी मुले एकमेकांना देतात असे अलीकडे कानावर येते. दमा असलेल्याला ती जिवावर बेतू शकते. बुद्धी वाढवणारे सिरप आणि ‘ताकदीचे सलाईन’ यांबद्दल काय बोलावे! सलाईनमध्ये मीठ, साखर आणि पाणी असते. तेवढ्या पैशात महिन्याची अंडी किंवा शेंगदाणे-गूळ येतो.

मात्र एका बाबतीत हयगय करू नका. मूल जेवेनासे झाले, आठवड्यानुआठवडे झोप उडाली, मित्रांशी बोलणे टाकले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे सहज म्हणून गेले, तर ते नाटक समजू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. मुलाला थेट विचारा, ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ विचारल्याने विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटे सोडू नका, घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि सकाळी डॉक्टरांकडे आणा. रात्री-अपरात्री कोणी भेटत नसेल तर सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये आणि स्वतःच्याही मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा.