हॉटेलची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आमच्या घरात त्यात हॉटेलच्या पायरीचीही भर घातलेली आहे. घरी चूल असताना बाहेर पैसे देऊन खाणे ही उधळपट्टी, हे आईचे मत. आणि शिकायला पाठवलेला मुलगा हॉटेलात दिसला म्हणजे तो बिघडला, हे वडिलांचे. मजुरीच्या पैशांतून फी भरणाऱ्या माणसांना असे वाटले तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत. तरीही या वर्षी दिवाळीनंतरच्या एका शनिवार-रविवारी मी मुंबईला मित्रांकडे जाऊन आलो, तेथे चार निरनिराळ्या हॉटेलांत जेवलो, आणि माझे मत घरच्यांहून वेगळे झाले. ज्याच्या घरातले कोणी कधी हॉटेलात निवांत बसले नाही, त्याच्यासाठी तेथे जाऊन बसणे ही नुसती चैन नसते. तो शिक्षणाचाच एक भाग असतो.

हे वाचून काहीजण हसतील. हॉटेलात बसायला काय शिकायचे असते? त्यांना मी राज्यशास्त्राच्या तासाची आठवण करून देतो. घटनेचे कलम १५ आपण परीक्षेपुरते पाठ करतो. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही अडवता येणार नाही. एवढ्या मोठ्या देशाची घटना लिहिताना हॉटेलासारखी किरकोळ गोष्ट का लिहावी लागली? कारण ती किरकोळ नव्हती. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता निवारणाच्या कायद्यात तर हॉटेलातली भांडी वापरू न देणे हासुद्धा गुन्हा ठरवावा लागला. वेगळी कपबशी ठेवण्याची रीत किती पक्की असेल, याची यावरून कल्पना यावी.

आपल्या कोल्हापूरने तर हा धडा घटनेच्या कितीतरी आधी गिरवला आहे. गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला लावले आणि तेथे जाऊन स्वतः चहा घेतला. भाषणे करणारे पुष्कळ असतात. महाराजांनी कप हातात घेतला. त्या एका कपाने जे काम झाले, ते दहा व्याख्यानांनी झाले नसते.

आमच्या भागातल्या लोकांचा मुंबईच्या जेवणाशी संबंध जुना आहे, पण तो हॉटेलांशी नव्हे, खानावळींशी. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. आजी गावाकडे आणि आजोबांचे पोट एका खानावळवाल्या मावशींच्या हातात, असा अर्धा संसार गेला. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आजोबा गावी परतले. मुंबईत इतकी वर्षे काढून त्यांनी इराण्याच्या हॉटेलात फक्त उभ्या-उभ्या पाव विकत घेतला. आत बसायचा विचार कधी मनात आला नाही, असे ते सांगतात.

म्हणून मी पहिल्यांदा इराण्याकडेच गेलो. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ पासून चालू आहे. तेथे वकील, विद्यार्थी आणि हातात फाईल घेऊन कोर्टकचेऱ्या हिंडणारे म्हातारे, सगळे सारख्याच खुर्च्यांवर बसलेले दिसले. माटुंग्याच्या १९४० सालच्या कॅफे मद्रासमध्ये गर्दी इतकी, की आमच्याच टेबलावर एक अनोळखी कुटुंब येऊन बसले आणि त्यांच्या आजीबाईंनी कोणता डोसा मागवावा हे आम्हाला सांगितले. गावच्या पंगतीत कोण कोठे बसणार हे आधीच ठरलेले असते. येथे रिकामी खुर्ची एवढाच नियम. मला हे फार मोलाचे वाटले.

परंतु नव्या हॉटेलांची गोष्ट निराळी आहे. माझा गावाकडचा एक मित्र बारावीनंतर मुंबईला गेला. तो मोटारसायकलवरून हॉटेलांतले जेवण घरोघर पोचवतो. कोणाची बिर्याणी किती वाजता संपते, कोणाचे डबे वाटेत गळतात, हे त्याला तोंडपाठ आहे. पण त्यांपैकी एकाही हॉटेलात तो कधी खुर्चीवर बसला नव्हता. रविवारी त्याची सुट्टी होती. आम्ही तिघेजण अशाच एका नव्या हॉटेलात गेलो. दारातल्या माणसाने आम्हा दोघांना विचारले, "किती जण?" आणि मित्राचा चेहरा ओळखीचा, म्हणून त्याला विचारले, "ऑर्डर नंबर?" मित्र हसून म्हणाला, "आज नंबर नाही हो, आज बसून खाणार आहे." त्या माणसाला मी दोष देत नाही, तोही दिवसभर उभाच असतो. पण कायद्याने उघडलेले दार माणसांच्या सवयीने अजून अर्धेच उघडे आहे, हे मला त्या दिवशी कळले. उरलेले अर्धे पैशाने अडवलेले आहे. तेथे एका कॉफीला ३२० रुपये पडले.

पैशाचा आक्षेप खरा आहे, तो मी टाळणार नाही. दर आठवड्याला असे खाणे आपल्यापैकी बहुतेकांना परवडणार नाही, आणि नुसते फोटो काढण्यासाठी हॉटेले पालथी घालणाऱ्यांची बाजूही मी घेत नाही. पण न परवडणे वेगळे आणि 'ही जागा आपली नव्हे' असे वाटणे वेगळे. पहिल्यावर उपाय म्हणजे वर्गणी. दुसऱ्यावर उपाय म्हणजे आत जाऊन बसणे. मेनू कार्ड उजव्या बाजूने वाचायला लागू नये, हे स्वप्न ठीकच आहे. तोवर ते उजव्या बाजूने वाचावे, पण ताठ मानेने वाचावे.

शेवटी दोन सूचना करतो. विद्यार्थी मित्रांनी शहरात मित्राकडे जाताना खर्चाचा अंदाज आधी एकमेकांना सांगावा, म्हणजे खिशाच्या भीतीने कोणी "मला भूक नाही" असे खोटे सांगणार नाही. आणि प्राध्यापकांना विनंती अशी, की शैक्षणिक सहलीत दोन्ही वेळा बसमध्ये पुड्या वाटण्याऐवजी एक वेळचे जेवण एखाद्या साध्या हॉटेलात, सर्वांनी एकत्र बसून घ्यावे. कलम १५ चा तो तास मुलांच्या कायम लक्षात राहील.