वैराग्याला म्हातारपण आहे!

व्यक्तिमत्त्व विकास, आत्मशोध, 'लाइफ कोचिंग'... शिबिरांची नुसती रेलचेल! फी भरा आणि जागृती मिळवा. तंजावरच्या व्यंकोजीराजांना मात्र फुकटात मार्गदर्शक भेटला. कोण, तर ज्याच्या फौजेने त्यांना हरवले तो थोरला भाऊ!

व्यंकोजी कर्तबगार होते. तंजावर घेतल्यावर त्यांनी कालवे-तळी दुरुस्त केली आणि कावेरीकाठची वर्षानुवर्षे पडीक राहिलेली शेते पुन्हा पिकू लागली, असे एका जेझुइट पाद्र्याने १६७६च्या पत्रात लिहिले आहे. पुढच्याच वर्षी वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीवरून शिवाजी महाराजांशी बिनसले, लढाई झाली. पत्नी दीपाबाईंनी समजूत घालून समेट घडवला खरा, पण राजांचे मन उडाले. खाण्यापिण्यात, सणावारात लक्ष लागेना. सगळे सोडून तीर्थक्षेत्री जाऊन राहावे, अशी भाषा सुरू झाली.

रघुनाथपंत हणमंत्यांकडून हे कळताच महाराजांनी पत्र लिहिले. वाचकहो, त्यात वेदान्त नाही. वडिलांनी कसे कष्ट उपसले ते आठवा, प्रकृतीला जपा, बसून राहिलेल्या फौजेला कामाला लावा, पराक्रमाचे दिवस हेच, वैराग्य म्हातारपणी! दटावणी आहे, पण मायेची. जिंकलेल्याने हरलेल्याला असे सांगणे सोपे, असेही कोणी म्हणेल. व्यंकोजींनाही कदाचित तसेच वाटले असेल. पण भाऊ आपल्या जेवणाखाण्याची चौकशी करतो आहे, हेही त्यांना दिसले असेलच ना?

महाराज ३ एप्रिल १६८० रोजी गेले. व्यंकोजींनी राज्य सोडले नाही. तंजावरची गादी त्यांच्या घराण्यात १८५५पर्यंत राहिली.