आधी थांबणे, मग धावणे

गेल्या वैशाखात चार दिवसांसाठी म्हणून जोयडा तालुक्यातील रामनगरास गेलो आणि पंधरवडा राहिलो. त्याचे कारण आमच्या काकांच्या खोपीत पडलेली एक मोडकी गाडी!

काका मूळचे सूप्याचे. काळी नदीवरील सूपा धरण १९८७ साली पुरे झाले, जुने गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले आणि विस्थापितांतील पुष्कळ कुटुंबे रामनगरास येऊन वसली. त्या वेळी काकांनी देवांच्या पाठोपाठ बैलगाडीत चढवली ती वडिलांची ऐरण. ती आजही खोपीच्या मध्यभागी आहे. बिघडलेली वस्तू टाकून द्यावयाची ती त्या ऐरणीची परवानगी घेऊनच, असा घरचा दंडक.

काकांच्या तेरा वर्षांच्या नातवाने गोव्याकडील एका भंगाराच्या ढिगातून आणवलेली ही गाडी म्हणजे ‘गो-कार्ट’. ज्या वाचकांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी नळ्यांचा जमिनीलगतचा सांगाडा, चार बुटकी चाके, एक बैठक आणि पाठीशी एंजिन. हिला स्प्रिंगा नाहीत, छप्पर नाही, दारेही नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये आर्ट इंगेल्स नावाच्या कारागिराने १९५६ साली गवत कापण्याच्या यंत्राचे एंजिन बसवून अशी पहिली गाडी केली. म्हणजे हिचा जन्मच मुळी घरगुती उद्योगातला. आमच्या या गाडीला कोणी तरी जुन्या कायनेटिक होंडा स्कूटरचे ९८ सी.सी.चे एंजिन जोडले होते. निवड शहाणपणाची होती. या एंजिनास गिअर बदलावे लागत नाहीत आणि थंड ठेवण्यासाठी त्याचा स्वतःचा पंखा असल्यामुळे पाठीमागे वारा न लागताही ते तापत नाही.

पहिले आठ दिवस सोलण्यात गेले. जोयड्याचा पाऊस लोखंडाला सोडीत नाही. रंगाखाली गंज, आणि नळीच्या आत त्याहून अधिक. काका हातोडीने नळी वाजवून पाहत. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला की तेथे खडूची फुली. अशा चार फुल्या पडल्या. ते तुकडे कापून नवी नळी जोडावी लागली. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता, तर धुराड्याच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे टुमदार घर बांधले होते. एंजिन सुरू का होत नाही याचे अर्धे उत्तर त्या चिमूटभर मातीत होते!

मागच्या आसाचे बेअरिंग आणण्यासाठी आम्ही बेळगावास गेलो. उद्यमबागेतील एका लेथवाल्याने आस सरळ करून दिला. येताना नातवाने विचारले, “आजोबा, मागची दोन्ही चाके आसाला घट्ट का? गाडी वळणार कशी?”

काका म्हणाले, “उळवीच्या जत्रेच्या गाड्या आठव. त्यांची चाके आसावर सुटी फिरतात. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. दोन चाकांत मीटरभर अंतर असले, तर नुसते अर्धे वर्तुळ वळताना बाहेरच्या चाकाला तीन मीटरहून जास्त वाट चालावी लागते. हिची चाके एकाच आसाला जखडलेली. मग एक तर घसरले पाहिजे किंवा उचलले गेले पाहिजे. म्हणून पुढच्या चाकांचे खिळे तिरपे बसवतात. सुकाणू वळवले की सांगाडा किंचित पिळतो आणि मागचे आतले चाक हलके होते. म्हणून सांगाडा फार ताठही नको अन् लेचापेचाही नको.”

मुलाचे डोळे चमकले. परंतु त्याचे चित्त सुकाणूत नव्हते, वेगात होते. नवव्या दिवशी संध्याकाळी एंजिन फटफटले. काका हात धुवावयास गेले तोच नातू बैठकीवर बसला आणि अंगणातून खळ्याकडे निघाला. त्याची सोळा वर्षांची आतेबहीण ओढणी सावरीत हसत मागे धावली. अॅक्सिलरेटरच्या तारेचा एक धागा उसवलेला होता; तो नळीत अडकला आणि पाय उचलला तरी गाडी धावतच राहिली. ब्रेक होता तो आसाला आवळणाऱ्या पट्टीचा, आणि साखळीचे तेल उडून ती पट्टी बुळबुळीत झालेली. गाडी गवताच्या उडवीत घुसली, चाके फिरतच राहिली. त्याला बाहेर ओढण्यासाठी मुलगी वाकली तेव्हा ओढणीचे टोक उघड्या साखळीपासून वीतभर अंतरावर होते. काकांनी धावत जाऊन प्लगची तार उपटली.

कोणास काही लागले नाही. त्या रात्री जेवणे मुक्यानेच झाली. मला मात्र राहून राहून दोन बातम्या आठवत होत्या. २०१८ च्या फेब्रुवारीत हरियाणातील पिंजोर येथे आणि २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबादेत, करमणुकीसाठी गो-कार्टमध्ये बसलेल्या दोन तरुणींचे केस मागच्या फिरत्या भागांत गुंतले आणि दोघींना प्राण गमवावे लागले. ही गाडी खेळण्यासारखी दिसते, पण तिचा आस कोणाला ओळखत नाही.

सकाळी काकांनी खोपीच्या दारावर खडूने पाच ओळी लिहिल्या होत्या: ब्रेक. तार. बटण. झाकण. दाते. खाली एक वाक्य होते, ‘हे होईपर्यंत किल्ली ऐरणीखाली.’

पट्टीचा ब्रेक काढून मोटारसायकलचा तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक आसावर बसवला. आस अखंड असल्यामुळे एकच डिस्क दोन्ही चाके धरते. अॅक्सिलरेटरला नवी तार आणि एकाऐवजी दोन स्प्रिंगा आल्या. एक तुटली तरी दुसरी पेडल मागे आणील. सुकाणूवर अंगठ्याशी एंजिन बंद करण्याचे लाल बटण बसले. साखळी, आस आणि एंजिन यांवर पत्र्याचे संपूर्ण झाकण आले. राहिले दाते. एंजिनाकडील आणि आसावरील दोन्ही दातेचाके १४ दात्यांची होती. आसावर २१ दात्यांचे घातले. वेग दोन-तृतीयांश झाला, ओढ दीडपट झाली.

“म्हणजे हळू केली!” नातू हिरमुसून म्हणाला.

“वेग दुप्पट झाला की थांबायला जागा चौपट लागते,” काका म्हणाले. “आपले खळे केवढे, ते तू मोजून ये. मग सांग किती दाते हवेत.”

तो मोजून आला आणि पुढे काही बोलला नाही. मला वाटते, त्या दुपारी तो खरा कारागीर झाला.

शेवटच्या दिवशी खळ्यात चुन्याची रेघ मारली. फेरी मारण्यापूर्वी वीस वेळा रेघेवर थांबून दाखवावयाचे, अशी अट. हेल्मेट, बंद जोडे, अंगाबरोबरचे कपडे. सोळाव्या वेळेपासून गाडी रेघेवर बिनचूक उभी राहू लागली. मग पाळी मुलीची. तिने वेणी सदऱ्याच्या आत खोवली, ओढणी आजीच्या खांद्यावर ठेवली आणि अकराव्या खेपेलाच भावाची बरोबरी केली!

गाडी रस्त्यावर न्यावयाची नाही, हेही ठरले. ती नोंदलेले वाहन नव्हे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणे अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाचा. तेथील रस्त्यांवर आपली फटफट कशाला?

आपल्या घरांतील मुले असे काही करू म्हणाली, तर त्यांना अडवू नये, एवढेच मला सुचवावयाचे आहे. लोखंड, तेल आणि गणित यांची अशी ओळख पुस्तकातून होत नाही. मात्र पहिला खर्च ब्रेकवर करावा आणि शेवटचा रंगावर.

मृग लागल्यावर नातवाचा दूरध्वनी आला. गाडी ताडपत्रीखाली ठेवली आहे, पेट्रोल काढून टाकले आहे, आणि कुंभारणीने पुन्हा बिऱ्हाड करू नये म्हणून धुराड्यात चिंधीचा बोळा घातला आहे. “आणि किल्ली?” मी विचारले. तो हसला. म्हणाला, “ऐरणीखाली. मीच ठेवली.”